गेली खंय

मी घाटावरून कोकणात सून म्हणून आले तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक, चार लुगडी आणि सातवी पास असल्याचा गर्व एवढं सामान होतं. ट्रंक एका पावसाळ्यात गंजली. लुगडीही विरली. गर्व मात्र चांगल्या प्रतीचा निघाला, तो बरीच वर्षं टिकला. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरी 'ण'च्या जागी कुणी 'न' म्हटलं तर जेवणाचं ताट पुढे येत नसे. असलं लखलखीत मराठी घेऊन मी मालवणच्या बाजूच्या एका चार घरांच्या वाडीत येऊन पडले होते. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता आणि नवरा मुंबईला गिरणीत.

घरात सासूबाई आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. परसात जी भाजी होईल, झाडावर जे लागेल आणि रानात जे सापडेल ते सासूबाई डोक्यावरून सोमवारच्या बाजाराला न्यायच्या. त्यावर मिठापासून रॉकेलपर्यंत सगळं घरात यायचं. त्यांची मालवणी मला पहिल्या दिवशी कळली नाही याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. उलट त्यांना शुद्ध बोलता येत नाही याची कीव आली. तरी महिनाभरात मी मन लावून अभ्यास केला. माका म्हणजे मला, तुका म्हणजे तुला आणि खंय म्हणजे कुठे. परीक्षा झाली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

या 'खंय'ला आणखी एक अर्थ आहे हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. तो वाक्याच्या शेवटी आला की 'म्हणे' होतो. 'खंय गेली?' म्हणजे कुठे गेली. आणि 'गेली खंय' म्हणजे गेली म्हणे. इकडच्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. मला तो कळावा म्हणून सासूबाईंना मरावं लागलं. म्हणजे तशा त्या मेल्या नाहीत, पण ते पुढे येईलच.

बाजार भरायचा कोसभर अंतरावर, देवळाच्या गडग्याला लागून. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची कमरेइतकी भिंत. तिला पाठ लावून बसायला मिळणं ही तिथली सर्वांत मानाची गोष्ट, कारण उन्हाला सावली आणि पाठीला टेका. सासूबाईंची जागा तिथेच होती, त्यांच्या सासूपासून चालत आलेली. या जागांना कागद नव्हता, पट्टा नव्हता. एकच रिवाज होता. चतुर्थीच्या बाजाराला जो ज्या जागेवर बसेल, त्याची ती जागा वर्षभर. त्या दिवशी जागा रिकामी दिसली की दुसऱ्या कुणी तिथे टोपली ठेवावी आणि देवळाच्या मानकऱ्यांनी मान डोलवावी, की झालं.

आमच्या उजव्या हाताला सुकी मासळी विकणारी एक गाबतीण बसायची. आवाज असा की तिनं बांगड्याचा भाव सांगितला तर बंदरावर ऐकू जावा. चतुर्थीच्या दिवसांत सुक्या मासळीला कोण विचारतो? पण ती त्या सोमवारीही यायची. रिकामी टोपली पालथी घालून, पान चघळत, संध्याकाळपर्यंत बसून राहायची. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसले होते. सासूबाईंचं आणि तिचं बारा महिने भांडण. टोपली इकडे सरकली, पाणी तिकडे शिंपडलं, तुझ्या सुकटीच्या वासानं माझी गिऱ्हाइकं पळाली, असलं काहीतरी रोज नवं निघायचं. एकमेकींशी भांडल्याशिवाय दोघींचा बाजार सुरू होत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाईंनी मला बाजाराला बरोबर न्यायला सुरुवात केली. मुळा, लाल माठ आणि वालीच्या शेंगा पुढे मांडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आराड." म्हणजे ओरड. मी उभी राहिले, पदर नीट केला आणि वडील वर्गात बोलत त्या थाटात म्हणाले, "मुळा आरोग्यास हितकारक आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी घ्यावा." बाजार एक क्षण थांबला. मग मासळीवालीनं पानाची पिंक टाकून विचारलं, "ही इकता काय शिकयता?" बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात, असं म्हणतात. माझ्यासारखीचे मुळे कुणी घेतले नाहीत, याबद्दल म्हण नाही, पण असायला हरकत नव्हती.

उन्हाळ्यात रतांबे आले. रतांब्याची सालं रसात भिजवून वाळवली की आमसुलं होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. रतांब्याचा डाग जात नाही, हे पुस्तकात नव्हतं. माहेरचं एकमेव पांढरं लुगडं नेसून मी सालं उलथायला बसले, आणि उठले तेव्हा मागून अशी दिसत होते की सासूबाईंनी मला आठ दिवस बाजाराला येऊ दिलं नाही. आगोटीच्या बाजाराला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायला सगळा मुलूख लोटतो तेव्हा, मी ते लुगडं लाल रंगात बुडवून नेसले आणि नवं म्हणून मिरवलं. मासळीवालीनं ओळखलं. तिनं ते बाजारभर सांगितलं.

पावसाळ्यात तर मी कळसच केला. पहिल्या पंधरवड्यात अंगणाच्या कडेला गवत माजलं होतं. सासूबाई शेतावर गेल्या होत्या. मी म्हटलं, चला, आपली टापटीप दाखवू. सगळं मुळासकट उपटून गडग्यापलीकडे फेकलं आणि हात कमरेवर ठेवून वाट पाहत बसले. सासूबाई आल्या, त्यांनी स्वच्छ अंगण पाहिलं आणि त्या गडग्यापलीकडे बघायला धावल्या. तो टाकळा होता. पावसाळ्यातली पहिली रानभाजी, सोमवारच्या बाजाराला न्यायची म्हणून त्यांनी राखून ठेवलेली. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त त्या सोमवारी बाजारात मासळीवालीशी नेहमीच्या दुप्पट भांडल्या.

अशा माझ्या कर्तबगारीवर श्रावण उलटला. चतुर्थीचा बाजार आठ दिवसांवर आला. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. रानातली फळं, फुलं, सुपारीचे घोस, आंब्याच्या डहाळ्या असं त्या ऋतूत जे जे मातीतून वर येतं ते तिला बांधायचं. ज्यांच्या दारात रान नाही ती सगळी घरं ते सामान या बाजारात घेतात. आमच्या वाडीला ते विकत घ्यावं लागत नसे, रान पाठीशीच होतं, त्यामुळे त्या दिवशी वाडीतलं दुसरं कुणी बाजाराकडे फिरकत नसे. सासूबाईंचं मात्र वर्षातलं सर्वांत मोठं काम हेच. आठवडाभर त्या रानात फिरून कवंडळं गोळा करायच्या. नारिंगी-लाल, मुठीएवढी रानफळं, दिसायला देखणी आणि चवीला कडू जहर. माझ्यावरून त्यांना ती आठवत असावीत, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत.

आणि नेमका शनिवारी जामसंड्याहून निरोप आला. माझ्या नणंदेचं तिसरं बाळंतपण. तिच्या सासरी बाईमाणूस कुणी नव्हतं आणि दिवस भरत आले होते. पोटातल्या पोराला चतुर्थी काय ठाऊक! सासूबाईंनी दहा दिवसांसाठी जायचं ठरवलं. आमचा गणपती भावकीच्या मोठ्या घरी असायचा, त्याची काळजी नव्हती. काळजी जागेची होती. रविवारी पहाटे एस.टी.ला निघताना त्यांनी मला समोर उभं केलं.

"जागा सोडू नको. आभाळ पडला तरी उठू नको. ती जागा गेली तर आपला चुलीवरचा गेला, समाजलंस?"

"समजलं."

"आणि कोणी इचारल्यान, सासू खंय, तर नुसता 'गेली' म्हणान सांग. खंय ता सांगू नको. बाळंतपणाची गजाल बाजारात काढूची नसता, दिष्ट लागता."

मी मान हलवली. वर्षभर मी बिघडवलेल्या कामांची भरपाई करायची संधी चालून आली होती. मी मनात शपथच घेतली की माझ्या तोंडून जामसंड्याचा ज सुद्धा निघणार नाही.

सोमवारी मी उजाडताच जागेवर हजर. कवंडळं, सुपारीचे घोस आणि हरण नावाच्या रानरोपाची पिवळी फुलं पुढे मांडली. चतुर्थीचा बाजार म्हणून हातात नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, केसांत फूल होतं. मासळीवाली आली, टोपली पालथी घालून बसली आणि भांडायला कुणी नाही हे तिच्या लक्षात आलं.

"सासू खंय गो आज?"

"त्या गेल्या," मी म्हणाले. शिकवल्याप्रमाणे, वर आदरार्थी बहुवचन लावून.

"गेली?"

"हो. काल पहाटे." एस.टी.चा रस्ता देवळामागच्या घाटीवरून वर चढतो, म्हणून मी हातही वर केला.

तिचा पान चघळणारा जबडा थांबला. "अगो, गेल्या सोमवारी तर बरी होती!"

"बऱ्याच होत्या. अगदी चालत्या-बोलत्या गेल्या."

"जाताना काय बोलली?"

"जागा सोडू नकोस म्हणाल्या. तेवढंच."

मासळीवालीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. मला आश्चर्यच वाटलं. दहा दिवसांचा तर प्रश्न, त्यात इतकं रडण्यासारखं काय आहे? भांडणाची सवय माणसाला किती घट्ट लागते, असा एक उदात्त विचारही माझ्या मनात येऊन गेला. मी तिला म्हणाले, "रडू नका मावशी, जाणाऱ्याला कोण अडवणार?" ती आणखीनच हुंदके देऊ लागली.

तिच्याकडे विकायला काही नव्हतं, त्यामुळे बातमी पोचवायला वेळच वेळ होता. सूर्य देवळाच्या कळसावर यायच्या आत बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वाक्य फिरत होतं, "म्हातारी गेली खंय." म्हातारी गेली म्हणे. मला ते कसं ऐकू येत होतं? म्हातारी गेली कुठे? माझ्या सासूबाई कुठे गेल्या याची इतक्या लोकांना इतकी चौकशी कशाला, म्हणून मी आधी चकित झाले आणि मग सावध झाले. बायका जवळ यायच्या, सामानाकडे बघायच्या, मग माझ्या केसांतल्या फुलाकडे आणि बांगड्यांकडे बघून जागच्या जागी थबकायच्या.

"म्हातारी गेली खंय?"

"गेल्या. पण कुठे गेल्या ते मी सांगू शकत नाही."

त्या बाईचा हात तोंडावर गेला. दुसरी आली, तिलाही मी तेच सांगितलं. तिसरीला म्हणाले, "मावशी, ते ठिकाण कृपा करून विचारू नका, मला बोलायची मनाई आहे." ती मागे सरताना बरोबरीच्या बाईला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"सून म्हणता, खंय गेली ता सांगूक येणा नाय."

"अगो बाय! इतकी वायट होती काय गो म्हातारी?"

दुपार होत आली. शेजारच्या सगळ्या टोपल्या रिकाम्या होत होत्या. माझं एक कवंडळ हललं नव्हतं. मी मनाशी कारण शोधून काढलं. घाटावरची ना मी, परकी. सासू नाही असं बघून सगळ्यांनी मिळून मला वाळीत टाकलंय. डोळ्यांत पाणी आलं, पण वडिलांची शिस्त आड आली. मी उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "ताजी कवंडळं घ्या! आनंदाचा सण आहे, माटवी सजवा!" वर्षभरात मला पहिल्यांदाच ओरडणं जमलं होतं. आजूबाजूची माणसं चार पावलं मागे सरकली.

मग देवळाचे मानकरी काठी टेकत आले. चांगला माणूस होता. माझ्यासमोर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "बाय, तू आज हयसर बसू नको. ऊठ. जागेचा मगे बघूया."

जागेचं मग बघू! त्यांच्या मागे एक केळीवाला उभा होता. तो वर्षानुवर्षं उन्हात बसायचा आणि आमच्या गडग्याकडे बघत राहायचा. त्यानं केळीचा घड खांद्यावर उचलून घेतलेलाच होता. सासूबाईंनी माझ्यावर आजवर एकच काम विश्वासानं टाकलं होतं, आणि तेही माझ्या हातून निसटत होतं. मी गडग्याचा दगड मागे हात करून धरला.

"मी उठणार नाही," मी म्हणाले. "सासूबाई गेल्या म्हणून काय झालं?"

गर्दीतून एक सुस्कारा निघाला. "गेल्या म्हणून काय झाला म्हणता ही!"

"त्या दहाव्या दिवशी परत येणार आहेत," मी दगड आणखी घट्ट धरला. "तेव्हा त्यांनाच विचारा, जागा कुणाची ते!"

मानकऱ्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. "येतली गो बाय. दहाव्याक कावळो होवन येतलीच, कोण नाय म्हणता? पण सुतकात बसान देवाचा सामान इकूचा नसता."

कावळा. सुतक. हे दोन शब्द शुद्ध मराठीतही तेच आहेत. घरात मरण झालं असेल तर त्या घरच्या हातचं फूलसुद्धा गणपतीला चालत नाही, आणि मी सकाळपासून हिरव्या बांगड्या भरून, केसांत फूल माळून, सासू गेली सासू गेली म्हणत माटवीचं सामान विकत बसले होते! सकाळपासूनचं माझं एकेक वाक्य माझ्या कानांत परत वाजलं. चालत्या-बोलत्या गेल्या. जाणाऱ्याला कोण अडवणार. कुठे गेल्या ते सांगू शकत नाही.

"अहो, मेल्या नाहीत त्या!" मी किंचाळले. "जामसंड्याला गेल्यात! नणंदेच्या बाळंतपणाला!"

मुळे विकताना जो आवाज मला कधी सापडला नव्हता, तो हा होता. बाजारात असलेल्या झाडून साऱ्या माणसांना, देवळातल्या देवाला आणि पलीकडे बांधलेल्या बैलांना माझ्या नणंदेचे दिवस भरल्याचं कळलं. ज्या एका गोष्टीबद्दल तोंड उघडायचं नव्हतं तिची मी दवंडी पिटली होती.

वाटलं, आता सगळे हसतील आणि सुटेन. कुणी हसलं नाही.

"मगे सकाळपासून सांगूक काय झाला?" केळीवाल्यानं विचारलं. घड अजून खांद्यावरच होता.

"जागा जाता म्हणान आता जिती केल्यान," मागून कुणीतरी म्हणालं.

मानकरी काठीकडे बघत राहिले. त्यांचं तरी काय चुकलं? देवाचं काम, आणि मी अर्ध्या दिवसात दोन्ही गोष्टी छातीठोक सांगितलेल्या. "खरा आसात, खोटा आसात," ते म्हणाले, "पण संशयाचा सामान आपल्या गणपतीक कोण बांधतलो?" त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. सगळे एकमेकांकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मला तेव्हा जितकं एकटं वाटलं तितकं त्या मुलखात पुढे कधी वाटलं नाही.

मासळीवाली उठली. रडून तिचे डोळे लाल झाले होते आणि आता त्यात राग भरला होता. ती माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"माझ्याकडे बघ. सासू जिती आसा?"

"मावशी, मी शपथपूर्वक सांगते, माझ्या सासूबाई हयात आहेत."

"ह्या तुझ्या शुद्धात नको गो!" ती ओरडली. "ह्या तुझ्या शुद्धानच मारल्यान तिका. नीट सांग."

माझं तोंड उघडलं आणि वर्षभर ज्या बोलीची मी कीव केली ती आपसूक बाहेर आली. "जिती आसा, मावशे. माझी सासू जिती आसा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हात मागे नेऊन आपली पालथी टोपली उचलली आणि उताणी केली. दोन कवंडळं घेतली, सुपारीचा एक घोस घेतला, हरणाची फुलं घेतली आणि टोपलीत ठेवली.

"माझ्या गणपतीक ह्याच बांधतलंय," ती मानकऱ्यांना म्हणाली, आणि बंदरापर्यंत जाणारा तो आवाज तिनं तेव्हा मुद्दाम लावला होता. "खोटा निघाला तर इघ्न माझ्या घरार येवंदे. माझो झील तारवार आसा, तरी मी घेतंय. आता कोणाक काय बोलूचा आसा?"

तारवावर म्हणजे जहाजावर. ज्या बाईचा मुलगा दर्यावर आहे ती देवाशी खेळ करत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मानकऱ्यांनी मान डोलवली. केळीवाल्यानं घड खाली ठेवला, आणि थोडा वेळ उभा राहून त्यानंही एक कवंडळ मागितलं. मग एकदम सगळे आले. आता मात्र हसत होते, आणि प्रत्येक बाई सामान घेताना विचारत होती, "म्हातारी गेली खंय?" मी प्रत्येकीला सांगत होते, "जामसंड्याक!" मासळीवाली तेवढी हसत नव्हती. "माझी आसवां फुकट घालवलंस, घाटये," असं ती संध्याकाळपर्यंत पुटपुटत होती.

सासूबाई परत यायला दहाच्या ऐवजी पंधरा दिवस लागले. नणंदेला मुलगी झाली होती, दोघी खुशाल होत्या. दृष्ट लागलीच असेल तर ती मला लागली असावी. एस.टी.तून उतरताना सासूबाईंना बघून ओळखीच्या एका म्हाताऱ्याच्या हातातून छत्री पडली म्हणे, आणि मग वाटेवर भेटेल त्यानं त्यांना त्यांच्याच मरणाची हकीकत ऐकवली. त्या घरी पोचल्या तेव्हा मी सैपाकघराच्या दारामागे उभी होते. आता माहेरी पाठवतात, असं धरूनच चालले होते. ट्रंक गंजली नसती तर भरूनही ठेवली असती.

त्या ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं, सावकाश प्याल्या.

"रडला कोण?" त्यांनी विचारलं.

"मासळीवाली मावशी."

"आणखी?"

मला खोटं बोलायचं सुचलं नाही. "आणखी कुणी दिसलं नाही."

त्या तांब्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मानकरी ऊठ म्हणालो, तरी तू उठलंस नाय मां?"

"नाही."

"सगळी गर्दी आंगार इली तरी?"

"नाही उठले."

"मगे माका आणखी कोणाचा रडणा नको," त्या म्हणाल्या. "आपण मेल्यार आपली जागा कोण धरता, ता कोणाक बघूक गावत नाय. माका जित्यापणी गावला."

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी बाजाराला गेलो. सासूबाईंनी भाजी मांडली आणि स्वतः बाजूला सरकून बसल्या. मला गडग्याला पाठ लावून बसवलं, जिथे त्या आजवर बसत होत्या तिथे. मासळीवालीनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं, त्यांचा हात एकदा दाबून बघितला आणि लगेच माझी टोपली तिच्याकडे सरकल्याचं भांडण काढलं. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"माझ्याशी नको भांडू. म्हातारी गेली," त्या म्हणाल्या. "जागा आता हिची आसा. हिच्याशी भांड."

मला भरून आलं. पण मासळीवाली समोर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि टोपली खरोखरच तिच्याकडे सरकली होती, त्यामुळे रडणं राहून गेलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मालवणीत भांडले.